ह्यूमच्या शंकेला कांटने खरोखर उत्तर दिले का?

नोंदवही
मी ३१ वर्षे एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत होतो. पाचशे नगांच्या लॉटमधून ठरावीक नग उचलायचे, गेज (माप तपासायचे साधन) लावायचे, आणि ते बरोबर निघाले की अख्खा लॉट पास करून सही ठोकायची. न पाहिलेल्या शेकडो नगांवर माझी सही असायची. तेव्हा कधी खटकले नाही. निवृत्तीनंतर तत्त्वज्ञान वाचायला घेतले आणि डेव्हिड ह्यूमच्या १७४८ च्या पुस्तकात हीच गोष्ट समोर आली, तेव्हा मात्र दोन रात्री झोप नीट लागली नाही.

ह्यूमचे म्हणणे थोडक्यात असे. एक बिलियर्डचा गोळा दुसऱ्यावर आपटतो, दुसरा सरकतो. आपल्याला दिसते काय? आधी एक हालचाल, मग दुसरी. 'आपटला म्हणून सरकला' यातला 'म्हणून' डोळ्यांना कुठेच दिसत नाही. हजार वेळा तेच पाहिले की मनाला सवय लागते आणि ती सवय आपण जगावर लादतो. कालपर्यंत भाकरीने पोट भरले, उद्याही भरेल, हे कशावरून? आजवर भरले म्हणून. पण पुढचे मागच्यासारखेच असेल हे कशावरून? तेही आजवर तसेच झाले म्हणून. म्हणजे जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले.

मग इमान्युएल कांट. १७८३ मध्ये त्याने लिहिले की ह्यूमने मला झोपेतून जागे केले. त्याचे मोठे पुस्तक त्याआधी दोन वर्षे, १७८१ मध्ये आले होते. तो म्हणतो, आपले सगळे ज्ञान अनुभवापासून सुरू होते, पण म्हणून ते सगळे अनुभवातूनच निघते असे नाही. कार्यकारणभाव आपण अनुभवातून उचलत नाही. तो आधीच असतो म्हणून अनुभव शक्य होतो.

माझा प्रश्न सरळ आहे. हे उत्तर झाले का? की प्रश्नाला वळसा घातला? मी पास केलेल्या त्या लॉटचे काय?

वाटसरू_७
धागा वाचनखुणेत ठेवला. जाणकारांनी लिहा, मी कोपऱ्यात बसून ऐकतो.

सांजवेळ
नोंदवही, प्रश्न फार छान मांडलात. पण ह्यूमवर एकदम उडी मारली तर कांटचे उत्तर तुटक वाटते. थोडे मागे जाऊ या.

अनुभववादाची सुरुवात जॉन लॉकपासून धरायची. मन जन्मतः कोऱ्या कागदासारखे, त्यावर जे उमटते ते इंद्रियांतून आणि मनाने स्वतःच्या व्यापारांकडे पाहिल्यामुळे. लॉक मला आवडतो कारण तो घरगुती उदाहरणे देतो. एक हात गरम, एक हात गार करून दोन्ही एकाच कोमट पाण्यात घाला. तेच पाणी एका हाताला गार लागते, दुसऱ्याला गरम. म्हणजे ऊन-थंड हे पाण्यात नाही, आपल्या संवेदनेत आहे. आकार, हालचाल, संख्या मात्र वस्तूत आहेत असे तो मानतो.

बर्कलीने १७१० मध्ये विचारले की मग आकार तरी वस्तूत कशावरून? तोही डोळ्याला आणि हातालाच कळतो ना? लॉक म्हणत होता की गुणांच्या खाली त्यांना धरून ठेवणारे काहीतरी द्रव्य असते. ते काय, हे सांगता येत नाही हे लॉकलाही ठाऊक होते. त्यासाठी त्याने दृष्टान्त दिला तो एका हिंदुस्थानी माणसाचा! पृथ्वी हत्तीवर, हत्ती कासवावर, आणि कासव कशावर विचारले तर 'कशावर तरी, ते ठाऊक नाही'. बर्कलीने ते कासव काढून टाकले.

ह्यूमने उरलेले सगळे काढले. द्रव्य नाही, कारणातली शक्ती नाही, 'मी'सुद्धा नाही. आत डोकावले तर ऊन, सावली, राग, प्रेम सापडते, 'मी' सापडत नाही. अनुभववाद प्रामाणिकपणे शेवटपर्यंत नेला की इथे येतो. म्हणून ह्यूमबद्दल मला फार आदर आहे. कांटलाही होता.

कोकणी_फणस
आमच्याकडे थंडी पडली की आंब्याला मोहोर येतो हे आजोबा सांगायचे. मीही बागेत तेच पाहत मोठा झालो. गेल्या काही वर्षांत थंडी लांबते, मोहोर मागे-पुढे होतो, मध्येच पाऊस येतो. ह्यूमचा भाकरीचा प्रश्न तुम्हाला पुस्तकात भेटला, आम्हाला बागेत भेटतो. मी माझ्या अनुभवाने सांगतो, ह्यूम बरोबर आहे.

गणितमास्तर
फणसराव, तुमच्या बागेबद्दल वाईट वाटते, पण तिथे एक बारीक गोष्ट आहे. मोहोर आला नाही तेव्हा तुम्ही 'यंदा विनाकारण आला नाही' असे म्हणालात का? नाही. थंडी लांबली, पाऊस आला, असे कारण शोधलेत. आजोबांचा नियम मोडला, पण 'काहीतरी कारण असणार' हे तुम्ही सोडले नाहीत. ते तुम्ही कुठल्या बागेत शिकलात? कांटचा प्रश्न इथून सुरू होतो.

माझ्या विषयाकडून सांगतो. ७ + ५ = १२. ह्यूम म्हणेल, हा नुसत्या कल्पनांमधला संबंध, जगाबद्दल यात काही नाही. कांट म्हणतो, सात, पाच आणि बेरीज या तिन्ही कल्पना कितीही उलगडा, त्यांत बारा सापडत नाही. बोटे मोडावी लागतात, एकेक पुढे जावे लागते. म्हणजे विधान नवे काही सांगते, ते संश्लेषक आहे. पण ते तपासायला शंभर घरांत जाऊन पाच आणि सात आंबे मोजत बसावे लागत नाही. म्हणजे ते अनुभवावर टेकलेले नाही, प्रागनुभविक आहे. ह्यूमच्या दोन खणांत (कल्पनांमधले संबंध आणि अनुभवाने कळणाऱ्या गोष्टी) हे बसत नाही, म्हणून कांटने तिसरा खण काढला: संश्लेषक आणि तरीही प्रागनुभविक.

त्याचे उत्तर असे की अवकाश आणि काल या बाहेर सापडलेल्या वस्तू नव्हेत, ती आपल्या जाणण्याची रूपे आहेत. कुठलीही गोष्ट दिसली की कुठेतरी आणि कधीतरीच दिसते. म्हणून भूमिती जगाला लागू पडते. १७८७ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तो कोपर्निकसची आठवण काढतो. आकाश फिरते असे धरून हिशोब लागेना, तेव्हा त्याने पाहणाऱ्यालाच फिरवून पाहिले.

तर्कटी
मास्तर, भूमितीचे नाव काढलेत म्हणून बोलतो. मला इथे कांट मान्य नाही.

त्याच्यासाठी भूमिती म्हणजे युक्लिडची, आणि ती अवकाशाबद्दल अपरिहार्यपणे खरी. तो गेल्यावर २५ वर्षांनी, १८२९ मध्ये लोबाचेव्हस्कीने समांतर रेषांचे गृहीतक सोडून दिलेली भूमिती प्रसिद्ध केली, पाठोपाठ बोल्याईने. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षण हे वक्र अवकाश-कालाचे रूप म्हणून मांडले आणि १९१९ च्या ग्रहणात काढलेल्या छायाचित्रांवरून ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळ वळलेला मोजला गेला. जे आपल्या मनाचे न बदलणारे रूप आहे म्हणून सांगितले, ते दुर्बीण लावून तपासता आले आणि वेगळे निघाले! हा अनुभववादाचा विजय नाही तर काय?

गणितमास्तर
नेम बरोबर लागलाय. युक्लिडपुरते कांटने जास्त पैजेवर लावले हे मान्य. पण ती छायाचित्रे मोजायला त्या लोकांनी काय काय आधी धरले होते ते पाहा. थोडा वेळ द्या, परत येतो. दहावीचे पेपर तपासायचे पडलेत.

दृष्टी
मी नेत्रतज्ज्ञ आहे. तत्त्वज्ञानाचे शिक्षण नाही, पण या वादातला एक प्रश्न आमच्या शस्त्रक्रियागृहात येऊन पोचला आहे म्हणून लिहिते.

डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूने लॉकला पत्रातून विचारले होते: जन्मांध माणूस हाताने चाचपून गोल आणि घन ओळखतो. त्याला अचानक दृष्टी आली आणि दोन्ही टेबलावर ठेवले, तर हात न लावता तो सांगू शकेल का? मॉलिन्यूची स्वतःची पत्नी अंध झाली होती. लॉकने १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा प्रश्न घातला. दोघांचे उत्तर 'नाही'.

१७२८ मध्ये चेझल्डन या शल्यविशारदाने तेराएक वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. मोतीबिंदू काढल्यावर त्याला मांजर कोणते आणि कुत्रा कोणता हे विसरायला होई. शेवटी त्याने मांजराला धरले, चाचपले, नीट निरखले आणि म्हणाला की आता ओळखीन.

आणि आपल्याकडे: पवन सिन्हा यांच्या प्रकाश प्रकल्पात दिल्लीत जन्मांध मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. २०११ मध्ये त्यांच्या गटाने ८ ते १७ वयाच्या पाच मुलांची चाचणी प्रसिद्ध केली. हाताने चाचपलेला ठोकळा हाताने ओळखणे जमले. पाहिलेला पाहून ओळखणे जमले. पण चाचपलेला पाहून ओळखताना बरोबर उत्तरे ५८ टक्के, म्हणजे अंदाजाने सांगितल्यासारखीच. मात्र नंतर पुन्हा तपासलेल्या मुलांना काही दिवसांतच ते चांगले जमू लागले.

माझ्या एका पंधरा वर्षांच्या रुग्ण मुलीची पट्टी काढली तेव्हा खाटेशेजारी स्टीलचा पेला होता. ती त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. काय आहे विचारले तर म्हणाली, 'चकचकीत.' हात लावला आणि हसली, 'हा तर पेला!' तो क्षण मी कधी विसरणार नाही. मी त्या दिवसापासून लॉकच्या बाजूची आहे.

वाटसरू_७
दृष्टीताई, अंगावर काटा आला.

सांजवेळ
डॉक्टर, हा प्रतिसाद म्हणजे धाग्याचे सोने. पण एक विचारू? ती मुलगी 'चकचकीत' म्हणाली तेव्हा तिला काहीतरी तिथे, समोर, एका ठिकाणी असल्यासारखे वाटले की नुसती चकाकी?

दृष्टी
समोरच. हात थेट तिकडेच गेला. थोडा चुकला, पण दिशा तीच होती.

सांजवेळ
तर मग लॉकचा मुद्दा उभा राहतो, कांटचाही मोडत नाही. कुठला आकार कशाला जुळतो हे ती शिकली, अनुभवातून, काही दिवसांत. कांट ते नाकारणारच नाही. त्याचे म्हणणे इतकेच की 'माझ्याबाहेर, तिथे, काहीतरी आहे' ही चौकट शिकायच्या आधी लागते. अर्थात तिने पंधरा वर्षे हाताने अवकाश ओळखला होता, त्यामुळे हा प्रयोग कांटचा पुरावाही होत नाही. आणि कांटला मुळात बाळाच्या मनात आधी काय असते हे सांगायचेच नाही. ज्ञान ज्ञान म्हणून टिकायला काय असलेच पाहिजे, हे त्याला सांगायचे आहे. कसे घडले आणि कशाच्या बळावर उभे आहे, हे दोन वेगळे प्रश्न.

मोडीवाचक
थोडे अवांतर, पण शब्दावरून घोळ होतोय म्हणून. कांटच्या या मार्गाला, म्हणजे त्याच्या 'ट्रान्सेंडेंटल' या शब्दाला, मराठीत कोणी 'अनुभवातीत' म्हणते, कोणी 'अतिशायी'. 'अनुभवातीत' ऐकले की आपल्याला समाधी, ब्रह्म, तुरीय अवस्था आठवते. कांटला नेमके ते नको होते. अनुभवाच्या पलीकडे उडी मारणाऱ्यांना तर तो लगाम घालत होता. त्याचा शब्द अनुभवाच्या अलीकडच्या, अनुभव शक्य करणाऱ्या अटींसाठी आहे. मला साधे 'अनुभवपूर्वअटींचा विचार' बरे वाटते, लांबलचक असले तरी.

घोळ जुना आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त कांट येतो. नामरूपाने दिसणारे जग आणि त्याच्या मुळाशी असलेले तत्त्व, या वेदान्ती भेदाशेजारी तिथे कांटचे दृश्य (आपल्याला दिसते ते जग) आणि वस्तुतत्त्व (वस्तू स्वतःत जशी आहे ती) ठेवलेले दिसते. साम्य आहेच. पण वेदान्त म्हणतो, ते तत्त्व जाणता येते आणि ते तूच आहेस. कांट म्हणतो, वस्तू स्वतःत कशी आहे हे आपल्याला कधीच जाणता येणार नाही. ही दरी मराठी वाचकाने बुजवून टाकू नये असे मला कळकळीने वाटते.

तर्कटी
अवांतरात भर: ह्यूमची शंका आपल्याकडे चार्वाकांनी घेतली होती. धूर तिथे अग्नी ही व्याप्ती कशावरून? सगळे डोंगर, सगळे काळ कोणी पाहिले? अनुमानाने म्हणाल तर त्या अनुमानाला पुन्हा व्याप्ती हवी. चौदाव्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त हा युक्तिवाद नीट मांडला आहे.

कोकणी_फणस
म्हणजे आमचे आजोबा अनुमान मानणारे नैयायिक आणि मी चार्वाक. घरात भांडणे का व्हायची ते आज कळले :)

ह्यूमने स्वतःच हिंदुस्थानातल्या एका राजाचे उदाहरण दिलेय ना? त्याने गोठलेल्या पाण्याची बातमी खरी मानली नाही. त्याच्या अनुभवात पाणी कधी घट्ट झालेच नव्हते. ह्यूम म्हणतो, राजाचे तर्कशास्त्र बरोबर होते. मला तो राजा जवळचा वाटतो.

मांडवीपार
मी गोव्याची, रोज फेरीबोटीने नदी ओलांडते. कांटच्या पुस्तकातला मला सगळ्यात आवडणारा भाग इथे अजून कोणी काढला नाही.

तो म्हणतो, एक घर पाहा. मी आधी छप्पर पाहते, मग दार, मग जोते. किंवा उलट. माझ्या मनात चित्रे एकामागून एकच येतात, पण मी असे म्हणत नाही की आधी छप्पर झाले मग जोते. आता प्रवाहाबरोबर खाली जाणारे जहाज पाहा. आधी ते वर दिसते, मग खाली. इथेही चित्रे एकामागून एकच. पण इथे मी म्हणते की काहीतरी घडले, जहाज सरकले. फरक कशाने पडला? नुसत्या चित्रांत तो नाही, कारण दोन्हीकडे चित्रे ओळीनेच आलीत. फरक असा की घराच्या बाबतीत क्रम माझ्या हातात आहे, जहाजाच्या बाबतीत नाही. तो क्रम एखाद्या नियमाने बांधलेला आहे असे धरल्याशिवाय 'घडले' हा शब्दच मला वापरता येत नाही.

आता ह्यूमकडे वळा. तो म्हणतो, आधी हा गोळा हलला, मग तो हलला, एवढेच आपण पाहतो, आणि हजार वेळा पाहून सवय लागते. पण 'आधी हे, मग ते' हे जगात घडले, माझ्या नजरेच्या फिरण्यामुळे नव्हे, हे त्याने कशावरून ठरवले? ज्या सवयीतून तो कारण काढून दाखवतो, ती सवय लागायला घटना लागतात, आणि घटना ओळखायला कारणाचा नियम आधीच लागतो. सकाळी धक्क्यावर उभी असते तेव्हा बोट पुढे येतेय की मी उभी असलेला तराफा हलतोय हे क्षणभर कळत नाही. त्या क्षणी मी कांटच करत असते: कुठला क्रम माझा, कुठला नदीचा?

सांजवेळ
यापेक्षा चांगले मला वर्गात कधी जमले नाही. मनापासून धन्यवाद.

नोंदवही
मांडवीपार ताई, तीनदा वाचला. पण माझी अडचण आता जास्त टोकदार झाली. समजा मान्य केले की प्रत्येक घटनेला काहीतरी कारण असतेच. त्यावरून या भाकरीने उद्या पोट भरेल हे कुठे निघते? मास्तरांनी फणसरावांना हेच दाखवले: कारण असणार हे पक्के, पण कुठले ते बाग पाहूनच कळणार. मग माझा लॉट जिथे होता तिथेच राहिला!

सांजवेळ
हो. राहिला. आणि कांट हे लपवत नाही. तो स्पष्ट म्हणतो की विशिष्ट नियम अनुभवातूनच शिकावे लागतात. ह्यूमच्या दोन शंका होत्या. एक, 'कारण' ही कल्पना आली कुठून आणि तिला आधार काय? दुसरी, या कारणाने पुढेही हाच परिणाम होईल कशावरून? पहिलीला कांटने उत्तर दिले. दुसरी बहुतांशी शिल्लक आहे. रसेलने १९१२ मध्ये कोंबडीचे उदाहरण दिले: रोज दाणे टाकणारा हातच एक दिवस मान पिरगाळतो.

तर्कटी
आणि पहिल्या उत्तराची किंमतही मोठी. याकोबी या जर्मन तत्त्वज्ञाने १७८७ मध्येच बोट ठेवले होते: वस्तुतत्त्व मानल्याशिवाय कांटच्या विचारात शिरता येत नाही आणि ते मानून आत राहता येत नाही. कारण ते आपल्या इंद्रियांवर परिणाम करते म्हणायचे, आणि कारण-परिणाम तर फक्त दृश्य जगाला लागू! मी अजून ह्यूमकडेच आहे.

नोंदवही
चार दिवस उत्तर दिले नाही, विचार करत होतो. माझ्या कामातून सुचले ते लिहितो, चुकत असेल तर सांगा.

शाफ्टला गेज लावतो तेव्हा शाफ्ट बरोबर की चूक हे कळते. पण गेज मी शाफ्ट मोजून-मोजून बनवत नाही. हजार शाफ्टांची सरासरी काढली तरी गेज मिळणार नाही, कारण त्यांतला चांगला कोणता हे सांगायलाच गेज लागते. अनुभववादी मला लॉट दाखवतो, कांट गेजकडे बोट दाखवतो. आणि गेज कितीही अचूक असले तरी न उचललेल्या नगाबद्दल ते काही सांगत नाही. म्हणून दोघेही खरे वाटतात, पण वेगवेगळ्या टेबलांवर.

गणितमास्तर
पेपर संपले, आलो. नोंदवही, तर्कटींना जे उत्तर देणे बाकी होते ते तुम्हीच दिलेत. एक जोडतो. गेजही जुने होते, बदलावे लागते. पॅरिसजवळ ठेवलेला धातूचा एक ठोकळा १८८९ पासून जगाचा किलोग्रॅम होता. त्याच्या प्रती आणून तुलना केली तेव्हा काही मायक्रोग्रॅमचा फरक दिसू लागला. पण 'मूळ ठोकळ्याचेच वजन बदलले' असे कोणाला म्हणता येईना, कारण किलोग्रॅम म्हणजेच तो! शेवटी २० मे २०१९ पासून तो बाजूला ठेवून प्लांकच्या स्थिरांकावरून नवी व्याख्या लागू झाली. रायशेनबाख या तत्त्वज्ञाने १९२० मध्ये कांटबद्दल हेच म्हटले होते: मोजण्याआधी काहीतरी धरावे लागते हे खरे, पण जे धरले ते कायमचे असते हे खरे नाही. युक्लिड हे जुने गेज होते. १९१९ च्या त्या छायाचित्रांनाही गेज होतेच, फक्त दुसरे.

तर्कटी
एवढा कांट मला चालेल.

दृष्टी
ती मुलगी परवा तपासणीला आली होती. आता दुरून पेला ओळखते. कडेने चहा ओतताना मात्र अजून डोळे मिटून बोट आत धरते.